चतुर्थीचा ट्रक

घड्याळाला काडीचीही किंमत न देणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, आणि नशीब असं की नेमकी त्याच्याच घरात मी माझी मुलगी दिली. मी पडलो चाकरमानी. मस्टरवर लाल शेरा पडू नये म्हणून अर्धा जन्म धावत काढलेला. आणि हे आमचे व्याही! वेळ सांगायचे ती समुद्राची. सोयरीक ठरल्यावर पहिलं आमंत्रण आलं ते असं : "उद्या जेवायला या. भरती लागता लागता या." आमची ही घाबरली. दुपारी जायचं की दिवेलागणीला? शेवटी आम्ही अकराला जाऊन पोचलो, तर घरात चूल पेटलेली नाही आणि व्याही कारखान्यावर. ते आले तीनला. आम्हाला ओट्यावर सुकलेले बघून त्यांनाच आश्चर्य वाटलं. म्हणाले, "व्याही, आज चौथ नाय का? चौथीला तीन वाजता भरती. येवढं तुमच्या हापिसात शिकवत नाय?" मग पहिला घास पोटात जायच्या आधी त्यांनी मला तो सुप्रसिद्ध हिशेब शिकवला : तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चौथ, म्हणजे तीन. अष्टमी, म्हणजे सहा. पुनवेला आणि अवसेला येतात सव्वाअकरा, ते बाराच धरायचे. हा हिशेब त्यांच्या कळंबच्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही करतं, बी.ए. झालेल्या मला तो जमायला दोन श्रावण लागले.

लग्नाची तारीखसुद्धा आमच्याकडे पंचांगानं नव्हे, पाण्यानं ठरली. व्याह्यांचं म्हणणं, लग्न अष्टमीला हवं. अष्टमीच्या आसपास समुद्राला ओढ कमी असते, त्याला ते भांगाचे दिवस म्हणत. तेव्हा जाळ्यात फारसं काही येत नाही, म्हणून कोळ्यांना सवड असते. "उधाणाला लगीन ठेवलं तर मांडवात तुमी, मी आनि भटजी," असं त्यांनी बजावलं. भटजी म्हणाले, अष्टमीला मुहूर्त नाही. दोघंही हट्टाला पेटले. शेवटी दशमीवर तडजोड झाली आणि अख्खं कळंब जेवून गेलं. आहेरात मी त्यांना भिंतीवरचं एक छानसं घड्याळ दिलं होतं. ते त्यांनी मोठ्या सन्मानानं कारखान्यात नेऊन मिठाच्या पाण्याच्या टाकीवर टांगलं. महिन्याभरात त्याला गंज चढला. मी दिसताच म्हणाले, "बंद पडलं तुमचं घड्याळ. दर्या अजून चालूच हाय."

हा कारखाना म्हणजे सातिवलीतला पत्र्याच्या छपराखालचा बर्फाचा कारखाना. कळंबच्या होड्या भरतीबरोबर किनाऱ्याला लागायच्या आणि त्यांना व्याह्यांच्या ट्रकमधला बर्फ लागायचा. मासळी उतरली आणि बर्फ हजर नसला, की तासाभरात पापलेटाचे डोळे आत जातात आणि कोळणीचे बाहेर येतात. म्हणून ट्रक भरतीच्या आधी किनाऱ्यावर उभा हवा, हा व्याह्यांचा धर्म होता. त्यांच्या अंगाला, कपड्यांना, अगदी पानाच्या डब्यालाही बर्फ गोठवायला लागणाऱ्या अमोनियाचा वास यायचा. घरात कोणाला सर्दी झाली की त्याला धरून कारखान्यात नेत आणि पाइपाजवळ उभं करून "वढ श्वास!" म्हणत. माझा नातू या औषधानं इतका कावला, की नाक गळायला लागलं तर आधी पलंगाखाली लपायचा. स्वतः व्याही मात्र भर मे महिन्यात कढत पाणी प्यायचे. मी एकदा सरबतात बर्फ मागितला, तर त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बर्फ माशाला असतो, व्याही. मेल्यावर लागतो. तुमी एवढ्यात कशाला घाई करता?"

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. आसपासच्या कुठल्याही वाडीत मयत झालं आणि मुंबईहून किंवा आखातातून कोणी यायचं असलं, की व्याह्यांच्या बर्फाच्या लाद्या न सांगता जाऊन पोचायच्या. त्यांचे पैसे कधी मागितले गेले नाहीत आणि कोणी देऊ केले तर शिव्या खाल्ल्या. कळंबच्या एका म्हाताऱ्या नाखव्याचं आणि त्यांचं लादीच्या तुटक्या तुकड्यांचे पैसे द्यायचे की नाही यावरून वर्षानुवर्षं भांडण होतं. तरी नाखव्याची आई गेली तेव्हा व्याही स्वतः जाऊन लाद्या रचत बसले होते. मी शेजारी उभा होतो. दोन लाद्यांमध्ये फट दिसली की ते वैतागायचे. "लागून ठेवा, लागून! बर्फ येकमेकाच्या आधारानं ऱ्हातो. येकटी लादी टिकत नाय." बर्फाच्या धंद्यात जन्म काढलेला माणूस, पण डोकं कायम उकळतं.

या उकळत्या डोक्यात तेल ओतायचं काम एका पाटीनं केलं. नव्वदचं दशक सरता सरता आमच्या नालासोपाऱ्यात नाक्यावर एका सकाळी ती उगवली : भरवस्तीच्या रस्त्यावर सकाळी आठ ते रात्री नऊ अवजड वाहनांस प्रवेश बंद. आता मी काही ट्रकांचा वकील नाही. माझं घर त्याच रस्त्यावर. खिडकीत वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी खाकी होऊन घरात यायचा. शाळा सुटताना पोरांचे हात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बायांचा जीव मुठीत असायचा. नियम हवाच होता. पण नियम करताना आपला पाय कोणाच्या पोटावर पडतोय, हे एकदा खाली वाकून बघायला काय हरकत होती? तुळिंजच्या वखारवाल्याला विचारलं नाही, पत्रेवाल्याला विचारलं नाही. दिवसा त्यांच्या दुकानात माश्या आणि रात्री हमालांची शोधाशोध. आमच्या सोसायटीनं तर गच्चीवर अभिनंदनाची सभा घेतली. ज्या इमारतीची वीट न् वीट ट्रकमधून आली, तिच्या गच्चीवर! सभा संपवून हेच लोक बाजारात गेले आणि पापलेटाचे कल्ले उचलून विचारू लागले, "बाई, ताजं आहे ना?" ताजं कशाच्या जोरावर राहणार होतं? सभेतल्या टाळ्यांच्या? आणि संताप याचा, की बिल्डरांच्या वाळूच्या गाड्या दिवसाढवळ्या त्याच पाटीखालून निघून जात. त्या कशा काय अवजड नव्हत्या, ते ती पाटीच जाणे.

सातिवलीहून कळंबला जायची वाट याच रस्त्यानं, त्यामुळे पहिल्याच दिवशी व्याह्यांचा ट्रक नाक्यावर अडला. तिथला हवालदार सोलापूरकडचा, सज्जन, पण हुकमाचा ताबेदार. तो म्हणाला, "अवजड वाहन हाय. रात्री नऊनंतर या." व्याही ट्रकमधून उतरले, रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि अतिशय शांतपणे म्हणाले, "थांबतो की. जरा दम धरा, तेच हलकं व्हतंय." आणि खरंच, ट्रकच्या मागच्या फळीतून धार लागली. गोणपाटं गळायला लागली. नाक्यावरची कुत्री जिभल्या चाटत जमली, शेजारच्या चहावाल्यानं बादली लावली, हवालदाराचे बूट भिजले. उन्हं कलायला लागली तेव्हा व्याही उठले आणि म्हणाले, "आता बगा साहेब, टेम्पोपेक्षा कमी वजन असंल." तिकडे कळंबला भरती येऊन गेली होती आणि बायका ओल्या वाळूत मासळी पुरून कारखानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या.

लोक सल्ले द्यायला लागले. फुकटचे सल्ले देण्यात आमचं गाव कुणाला हार जाणार नाही. विरारकडून वळसा घ्या! वळशात निम्मा बर्फ रस्त्याला पाजायचा. तीनचाकी टेम्पो करा! व्याह्यांनी तेही करून पाहिलं. ट्रकभर लाद्या एकमेकींना चिकटून गारठा धरून असत; त्याच टेम्पोत थोड्याथोड्या टाकल्या की कळंबला पोचेपर्यंत साबणाच्या वड्या व्हायच्या. रात्री नऊनंतर नेऊन किनाऱ्यावर ठेवा! म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी होडी लागेल तेव्हा खाली नुसतं ओलं भुस्कट. मी प्रत्येकाशी भांडत होतो. खरं सांगायचं तर व्याह्यांपेक्षा मीच जास्त भांडत होतो, कारण मला समजून सांगता येतं असा माझा समज होता.

म्हणून ती पाटी लावणाऱ्या कचेरीतल्या साहेबांना भेटायचं ठरलं तेव्हा वाटणी झाली : अर्ज माझा, बर्फ त्यांचा. मला वाटलं, ही त्यांची थट्टा. पण व्याही खरोखर गोणपाटात गुंडाळलेली अख्खी लादी हमालाच्या डोक्यावर देऊन कचेरीत आले आणि साहेबांच्या दाराशी, बाकासमोर, ती उभी केली. शिपाई हबकला. "हे काय?" "पुरावा," व्याही म्हणाले. साहेब येतील, लादी दाखवू, आमचा धंदा कसा असतो ते डोळ्यांनी बघतील, असा साधा विचार होता. भेट सकाळची होती. साहेब कुठल्या तरी बैठकीत होते, मग दुसऱ्या बैठकीत गेले, मग जेवायला. लादी हळूहळू बसकी झाली. पाणी बाकाखालून, टाइपिस्ट बाईंच्या टेबलाखालून, जिन्यावर गेलं. बाईंनी पाय वर घेतले. शिपाई पोतेरं पिळून पिळून दमला आणि व्याह्यांना शिव्या देता देता साहेबांना द्यायला लागला. साहेब आले तेव्हा दारात ओलं गोणपाट आणि त्यात मुठीएवढा खडा उरला होता. व्याह्यांनी तो उचलून त्यांच्या टेबलावर ठेवला. "येवढी लादी आनली व्हती साहेब. तुमी येईपरेंत हे ऱ्हायलं. नाक्यावर पन आमचं असंच व्हतं."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. वाईट नसलेली माणसंच असले घोटाळे करतात. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि तिथल्या तिथे शेरा मारला : बर्फाच्या गाडीस दुपारी दोन ते चार सूट. मी आनंदानं खुर्चीतून उठलोच. व्याही मात्र बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. "तीज, चौथ, पंचमी," ते म्हणाले. "बास. दोन ते चारात तेवढ्याच भरत्या बसतात. साहेब, तुमी गनपतीचं भक्त काय? बाकीचा पंधरवडा मासळीनं काय उपास धरायचा?" साहेबांनी विचारलं, रोज एकच वेळ का चालत नाही? मी समजावू लागलो : भरती रोज पुढे सरकते, उधाणाला, म्हणजे नेमकी जाळी भरतात तेव्हा, ती दुपारी बाराला येते, म्हणून वेळ तिथीप्रमाणे ठरवा. साहेबांचा चेहरा आक्रसला. "अहो, सरकारी पाटीवर तिथ्या लिहू? तुम्हीच त्या लोकांना सांगा ना, होड्या दोन ते चारच्या दरम्यान आणा म्हणावं!" व्याह्यांनी हात जोडले. "सांगतो की. तुमी कागद द्या सही करून. दर्याला वाचून दावतो."

त्या दिवसापासून आमच्या दोन्ही घरांत त्या ट्रकला 'चतुर्थीचा ट्रक' असं नाव पडलं. चौथीला तो वाजतगाजत जायचा. व्याही त्याला हार घालत आणि नाक्यावर हवालदाराला मोदक देत, तोही अशा बोचऱ्या हसण्यानं, की घेणाऱ्याच्या घशाखाली उतरू नये. शेवटी हवालदारच कळवळला. "काका, तुमचं पटतंय हो, पण ते पाणी रोज वेगळ्या टायमाला कसं येतंय? आमच्याकडं पाणी येकदा गेलं की गेलं. परत येतंय व्हय कुटं?" या अज्ञानाचा व्याह्यांना राग न येता चक्क कीव आली. रविवारी ते त्याला कळंबला घेऊन गेले, मीही गेलो. ओहोटी होती. व्याह्यांनी त्याला बूट ओल्या वाळूत काढून ठेवायला लावले, सुरूच्या झाडांखाली बसवून बोंबलाचं जेवण घातलं आणि तिथीची पाऊणकी शिकवली. जेवण अंगावर आलं, हवालदाराचा डोळा लागला. उठून बघतो तो समुद्र झाडांपर्यंत आलेला आणि सरकारी बूट गायब. अनवाणीच पाण्यात जाऊन त्यानं एक ओंजळ भरून पाहिली. मग म्हणाला, "आयला, खरंच परत येतंय की!"

त्यानंतरचे काही महिने सोन्याचे गेले. हवालदारानं चौकीत कॅलेंडर लावलं. व्याह्यांचा ट्रक लांबून दिसला की तो मोठ्यानं विचारी, "आज कितवी तिथी?" व्याही ओरडून सांगत, आणि हवालदाराला नेमकी तेव्हाच चहाची तल्लफ येऊन तो पाठ फिरवून उभा राही. कोणाचं काही अडलं नाही. शाळा सुटायच्या वेळी व्याहीच ट्रक आडोशाला थांबवून ठेवत आणि खाली उतरून पोरांना रस्ता ओलांडून देत. दोन शहाणी माणसं नाक्यावर उभी राहिली, तर एवढं सोपं होतं सगळं! पण सोपं असलेलं सरळ चालू देतील तर ती व्यवस्था कसली. हवालदाराची बदली झाली. जाताना तो व्याह्यांच्या पाया पडला. नवा आला तो तरणा, कडक, आणि दारातच सांगणारा की मला गोष्टी सांगू नका, पाटी वाचा.

पाटी सगळ्यांनी वाचली. कळंबच्या काही होड्या दुसऱ्या बंदराला लागू लागल्या, काहींनी मासळी किनाऱ्यावरच मिळेल त्या भावाला फुंकली. व्याह्यांचा बर्फ टाक्यांतच राहू लागला, आणि न खपणारा बर्फ सांभाळायला विजेचं बिल मात्र खपणाऱ्या बर्फाएवढंच येतं. कारखाना बंद झाला. त्या जागेवर आता कसलंसं गोदाम आहे. मला आजही त्याचा संताप येतो. एखादा धंदा बुडतो, कारण मालक आळशी निघतो, माल वाईट निघतो, समजू शकतो. इथे चंद्राची आणि पाटीची वेळ जुळली नाही म्हणून एक कारखाना गेला, आणि जाब विचारावा तर प्रत्येक कचेरी शेजारच्या कचेरीकडे बोट दाखवते.

व्याही आता दिवसभर घरीच असत. ओट्यावर बसत, कढत पाणी पीत, रस्त्यानं जाणाऱ्याला न विचारता भरती सांगत. आमच्या मुलीनं घरात फ्रिज घेतला तेव्हा त्यांनी एकदा आतला बर्फाचा ट्रे काढून उन्हात धरला, त्यातले चौकोनी तुकडे बोटानं हलवले. "हे काय गं सूनबाई, बर्फाचं पिल्लू?" एवढंच म्हणून परत ठेवला. कपड्यांचा अमोनियाचा वास हळूहळू गेला. नातवाला सर्दी झाली की आता तो आपण होऊन आजोबांजवळ येऊन बसायचा, पण त्यांच्याकडे औषध उरलं नव्हतं.

ते गेले मे महिन्यात, सकाळी, ओट्यावर बसल्या बसल्या. जावई जहाजावर नोकरीला. त्याला यायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होणार होती. मी पोचलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, बर्फाचं काहीतरी बघा." ज्या माणसानं पंचक्रोशीतल्या प्रत्येक मयताला बर्फ पोचवला, त्याच्या घरी मी बर्फासाठी फोन फिरवत होतो. लांबच्या एका कारखान्याचा माणूस म्हणाला, "गाडी भरून देतो साहेब, पण रात्री नऊनंतर. नाक्यावर पाटी आहे ना." माझा तोल गेला. त्या बिचाऱ्याची काही चूक नसताना मी त्याला नको नको ते बोललो, आणि फोन ठेवून अंगणात लहान पोरासारखा रडलो. ऊन वर चढत होतं.

तेवढ्यात फाटकातून सायकल आत आली. कॅरियरला गोणपाट बांधलेलं, त्यातून पाणी गळत होतं. मागून डोक्यावर टोपली घेऊन एक कोळीण. मग आणखी दोघी, मग एक स्कूटर, मग हातगाडी. होड्यांच्या पोटातला बर्फ होता तो, मासळीसाठी जपून ठेवलेला. कोणाकडे पाव लादी, कोणाकडे नुसते तुकडे, सगळ्याला मासळीचा वास. कोणी कोणाला बोलावलं होतं असं दिसलं नाही. तो म्हातारा नाखवा स्वतः ओट्यावर मांडी घालून बसला आणि एकेक तुकडा हातात घेऊन रचायला लागला. कोणीतरी घाईनं टाकायला गेलं, तर खेकसला, "लागून ठेव रं! मदी फट नको. त्यानंच शिकवलंय." दिवसभर माणसं येत राहिली, वितळेल तसा नवा आणत राहिली. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. तुकड्यातुकड्यांचा तो बर्फ जावई येईपर्यंत टिकला.

जावई वडिलांच्या पायांशी बसला, नंतर उठून बाहेर आला. सोसायटीतून माझ्यासोबत आलेल्या एकानं हळूच विचारलं, "किती वाजता न्यायचं?" माझा हात सवयीनं मनगटाकडे गेला. नाखवा झाडांपलीकडे, समुद्राच्या दिशेला बघत म्हणाला, "भरती लागली की." आम्ही सगळे अंगणात बसून राहिलो.